तीन वर्षांच्या मुलाची शाळा, चाळीस वर्षांचे पीक

खुरपणीचे दिवस आले की बांधावरच्या बाभळीला एक झोळी टांगलेली दिसते. झोळीत तान्हे मूल आणि झोका द्यायला त्याची सात-आठ वर्षांची बहीण. तिच्या पायाशी तीन-चार वर्षांचा मधला भाऊ मातीत रेघोट्या ओढत बसलेला. आई पात धरून केव्हाच पुढे गेलेली असते. हे चित्र तुम्ही-आम्ही इतक्या वेळा पाहिले आहे की त्यात काही चुकते आहे असे वाटतच नाही. थोरलीची शाळा बुडते, एवढे निदान कळते. पण मधल्याचे काय? तो तर अजून शाळेच्या वयाचाही झालेला नाही. त्याचे कसले नुकसान?

वाचकहो, आज या मधल्याबद्दलच बोलायचे आहे.

आपल्याकडे एक समजूत पक्की आहे. मूल सहा वर्षांचे झाले की शाळेत घालायचे, मग त्याचे शिक्षण सुरू होते. त्याआधीची वर्षे नुसती खाण्या-खेळण्याची, ती कशीही गेली तरी चालते. पण कांदा लावणाऱ्या शेतकऱ्याला विचारा. वाफ्यात रोप पिवळे पडले, मर लागली, तर लावणीनंतर कितीही खत घाला, ते रोप भरपाई करून देते का? वाफा केवढासा, दिवस किती थोडे! पण सगळ्या हंगामाची मदार त्या वाफ्यावर असते. माणसाचा वाफा म्हणजे ही पहिली पाच-सहा वर्षे. ही नुसती म्हण नव्हे. काही ठिकाणी लोकांनी चाळीस-चाळीस वर्षे हिशेब ठेवून हे पडताळून पाहिले आहे. तोच हिशेब आज तुमच्यापुढे मांडतो.

१२३ मुलांची गोष्ट

अमेरिकेत मिशिगन नावाच्या राज्यात इप्सिलांटी हे एक लहान शहर आहे. आसपास मोटारींचे कारखाने. गावाच्या एका भागात गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांची वस्ती होती. अमेरिका श्रीमंत देश असला तरी या वस्तीतली पोरे शाळेत मागे पडत, एकेका वर्गात दोन-दोन वर्षे काढत आणि शेवटी शाळा सोडून देत. डेव्हिड वायकार्ट नावाचा एक तरुण अधिकारी तिथल्या शाळाखात्यात काम करीत होता. त्याला प्रश्न पडला की ही मुले मुळात कमी अकलेची आहेत, की शाळेत येण्याआधीच त्यांची काही उपासमार झाली आहे?

त्याने १९६२ साली पेरी नावाच्या प्राथमिक शाळेत तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी बालवाडी काढली. त्या वेळी काही जाणत्या मंडळींनी त्याला बजावले होते की एवढ्या लहान मुलांना शाळेत आणू नकोस, त्यांचे भले होण्याऐवजी वाईटच होईल. म्हणून त्याने ठरवले की आपण नीट तुलना करून बघू. आपण नाही का नवे बियाणे आले की अर्ध्या रानात नवे आणि अर्ध्या रानात जुने पेरून पाहत? तसेच. १९६२ ते १९६७ या काळात अत्यंत गरीब घरांतली १२३ मुले निवडली गेली. त्यांतली ५८ बालवाडीत आली आणि ६५ आली नाहीत. कोण कोणत्या गटात जाणार, हे बहुतांशी नाणे उडवावे तसे नशिबावर सोडले होते. त्यामुळे हुशार मुले एकीकडे आणि मठ्ठ दुसरीकडे, असा घोटाळा झाला नाही.

त्या बालवाडीत काय होते? रोज सकाळी अडीच तास. पाच-सहा मुलांमागे एक शिकलेली, तयार बाई. पाटीवर अक्षरे घोटून घेणे हे तिथले मुख्य काम नव्हते. सकाळी बाई प्रत्येक मुलाला विचारायची, "आज तू काय करणार?" मूल सांगायचे, "मी ठोकळ्यांचे घर बांधणार." मग ते घर बांधायचे. पडले तर पुन्हा उभे करायचे. शेवटी सगळ्यांनी बसून आपण काय केले, कसे केले ते सांगायचे. आधी ठरवा, मग करा आणि नंतर आठवून बोला, एवढाच क्रम. याशिवाय बाई दर आठवड्याला एकदा मुलाच्या घरी जायची. दीड तास आई आणि मूल यांच्याबरोबर बसायची. आईला नावे ठेवायला नव्हे, तर दोघींनी मिळून मुलाला काय दाखवता येईल हे बघायला. बहुतेक मुले दोन वर्षे या बालवाडीत होती.

आधी निराशा, मग आश्चर्य

पाच वर्षांची झाल्यावर मुलांची बुद्धी मोजली. बालवाडीतल्या दर शंभर मुलांमागे ६७ मुले ९० गुणांच्या पुढे होती, दुसऱ्या गटात फक्त २८. सगळ्यांना आनंद झाला. पण पुढे तीन-चार वर्षांत दोन्ही गटांचे बुद्धीचे आकडे जवळजवळ सारखे झाले. झाले! टीका करणारे म्हणाले, पाणी ओतले आणि वाहून गेले.

गोष्ट इथेच संपली असती. पण संशोधकांनी त्या मुलांची पाठ सोडली नाही. ती मुले १४ वर्षांची झाली, १९ ची झाली, २७ ची, ४० ची झाली. दर वेळी त्यांना शोधून काढले, भेटले, नोंद केली. आणि गेलेले पाणी कुठे मुरले होते, ते हळूहळू दिसू लागले.

नेहमीच्या मार्गाने माध्यमिक शाळा पुरी करणारे, बालवाडीच्या गटात शंभरात ६५ आणि दुसऱ्या गटात ४५. चाळिसाव्या वर्षी सालाला २० हजार डॉलरच्या वर कमावणारे, पहिल्या गटात ६० आणि दुसऱ्यात ४०. पाच किंवा जास्त वेळा पोलिसांनी पकडलेले, पहिल्या गटात ३६ आणि दुसऱ्यात ५५. हा चाळिसाव्या वर्षाचा हिशेब २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात असेही मांडले होते की त्या बालवाडीवर खर्च झालेल्या प्रत्येक डॉलरमागे सुमारे १६ डॉलरचा फायदा झाला. त्यातला मोठा वाटा वाचलेल्या खर्चाचा होता, म्हणजे पोलीस, कोर्ट, तुरुंग आणि गुन्ह्यांनी होणारे नुकसान यांचा. जेम्स हेकमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने, ज्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले, पुढे हाच हिशेब अधिक काटेकोर तपासला. त्यांनी लाभ कमी धरला, तरी गुंतवणूक म्हणून तो दरसाल शेकडा ७ ते १० च्या घरात निघाला. एवढेच नाही, तर ही माणसे पंचावन्नच्या आसपास पोचली तेव्हा त्यांच्या मुलाबाळांचीही स्थिती दुसऱ्या गटातल्या मुलाबाळांपेक्षा बरी आढळली. म्हणजे पीक दुसऱ्या पिढीत उतरले.

मग बुद्धीचे आकडे सारखे झाले असताना फरक पडला तो कशाने? ज्वारीच्या दोन ताटांकडे बघा. पाऊस वेळेवर असला की दोन्ही सारखीच हिरवी दिसतात. पावसाने ओढ दिली की कळते, कुणाचे मूळ खोल गेले आहे ते. या मुलांच्या बाबतीत मूळ म्हणजे काय, तर हातात घेतलेले काम तडीला नेणे, राग आवरणे, दुसऱ्याशी जुळवून घेणे, चुकले तर पुन्हा करून बघणे. या सवयी परीक्षेच्या कागदावर दिसत नाहीत. संसारात मात्र पदोपदी लागतात.

खरे तेवढेच सांगायचे तर, १२३ ही संख्या थोडी आहे आणि गोष्ट एका गावची आहे. शिवाय बालवाडीत गेलेल्यांतही शंभरातले ३६ जण पाच वेळा पकडले गेलेच. बालवाडी ही जादूची कांडी नाही. पण गरिबीने ओढलेली गाडी चढावर थोडी हलकी होते, हे त्यातून नक्की दिसते.

अमेरिकेचे ठीक, गरिबाघरी हे कसे व्हावे?

तुम्ही म्हणाल, तिथे डॉलर आहेत, पाच मुलांना एक बाई आहे. आपल्याला कसे परवडावे? तर मग जमैकाची गोष्ट ऐका. वेस्ट इंडीजमधले हे बेट क्रिकेटमुळे आपल्या पोरांना तोंडपाठ आहे. तिथे किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत १९८६-८७ साली १२९ बाळे निवडली. वय नऊ महिने ते दोन वर्षे. सगळी खुरटलेली, वयाच्या मानाने उंची कमी असलेली. काही बाळांच्या घरी दर आठवड्याला एक तास आरोग्यसेविका जायची. दोन वर्षे हा क्रम चालला. ती काय करायची? घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवायची आणि आईला दाखवायची की बाळाशी बोल, त्याला वस्तूंची नावे सांग, त्याने काही केले की शाबासकी दे. बस्स.

ही बाळे बावीस वर्षांची झाली तेव्हाचा हिशेब २०१४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या घरी सेविका गेली त्यांची कमाई इतर खुरटलेल्या मुलांपेक्षा सुमारे शेकडा २५ ने जास्त होती. लहानपणी धडधाकट असलेल्या मुलांच्या ती बरोबरीला आली होती. काही बाळांना नुसता दुधाचा पूरक आहार दिला होता. त्या एकट्या आहाराने मोठेपणीच्या कमाईत असा फरक दिसला नाही. याचा अर्थ आहार नको असा मुळीच नाही. पोटात अन्न नसेल तर खेळ कसला? पण पोट भरले म्हणजे काम झाले, असे समजू नये, हा त्याचा अर्थ.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या गावांना आज फार लागू आहे. अमेरिकेतल्याच टेनेसी राज्यात सरकारी बालवाड्यांत गेलेल्या आणि न गेलेल्या मिळून सुमारे ३ हजार गरीब मुलांची तुलना झाली. २०२२ साली त्याचा निकाल आला. सहावीत पोचल्यावर बालवाडीत गेलेली मुले उलट थोडी मागेच होती! याचे एकच एक कारण सांगता येत नाही. पण मुलांना एका जागी बसवून, सगळ्यांना एकदम शिकवण्यातच फार वेळ गेला असावा, ही एक मोठी शंका घेतली गेली. धडा असा, की बालवाडी नावाची पाटी लावली म्हणजे बालवाडी होत नाही. बियाणे भेसळीचे असेल तर पेरा वाया जातो.

आपल्या अंगणातली गंगा

आता एक अभिमानाची गोष्ट. वायकार्टने इप्सिलांटीत बालवाडी काढली त्याच्या आधी सतरा वर्षे आपल्या महाराष्ट्रात हे काम सुरू झाले होते. तेही शहरात नव्हे, खेड्यात. ताराबाई मोडक १९४५ साली मुंबई सोडून डहाणू तालुक्यात समुद्रकाठच्या बोर्डीला आल्या. त्यांच्याबरोबर आल्या अनुताई वाघ. अनुताईंना तेराव्या वर्षीच वैधव्य आले होते. शिकून त्या शिक्षिका झाल्या आणि पुढचे सगळे आयुष्य त्यांनी या कामाला वाहिले.

बोर्डीत त्यांनी बालवाडी काढली, पण ज्यांना तिची सर्वांत जास्त गरज ती वस्तीवरची मुले तिथे येईनात. आईबाप मोलमजुरीला, पोरे उघडीनागडी, आणि शिवाशिवीचा तो काळ. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, त्यांना शिकायचेच नाही. ताराबाईंनी तसे म्हटले नाही. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात नेऊ, असे त्यांनी ठरवले. बाई वस्तीवर जायच्या, मुलांना आंघोळ घालायच्या, नखे कापायच्या, केस विंचरायच्या आणि तिथेच अंगणात गाणी, गोष्टी, खेळ सुरू व्हायचे. अंगणात भरते ती अंगणवाडी. आज देशभर चालणारा हा शब्द तिथला आहे.

परदेशी महागडी साधने कुठून आणायची? शंख-शिंपले, गारगोट्या, बिया, पाने, काटक्या यांचीच साधने झाली. पुढे १९५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासींमध्ये गेले. तिथली मोठी मुले गुरे राखायला जात. मग गुरे चरतात तिथेच शाळा भरवली. तिचे नाव कुरणशाळा. धाकट्याला सांभाळणाऱ्या बहिणीने भावंडाला पाळणाघरात किंवा बालवाडीत सोडायचे आणि आपण शेजारी शिकायला बसायचे, अशी सोय केली. म्हणजे सुरुवातीला पाहिलेल्या चित्रातल्या दोघांचाही प्रश्न तिथे एकदम सुटला. मधला बालवाडीत, म्हणून थोरली शाळेत. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८४ साली पद्मश्री देऊन सरकारने या कामाचा गौरव केला.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ ठिकाणी सुरू केली आणि अंगणवाडी सरकारी झाली. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तर तीन ते सहा ही वर्षे शिक्षणाचा पाया म्हणून मान्य केली आहेत. म्हणजे गंगा दारात आली आहे. प्रश्न एवढाच, की आपण तिच्यातून घागरभर पाणी घेतो की नुसती खिचडी?

एकदा जाऊन बसा

गावातली अंगणवाडी तुम्ही आतून कधी पाहिली आहे? बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो. पोराला जिथे ठेवायचे ती जागा मात्र बघत नाही. एक दिवस सकाळी तासभर जाऊन बसा. पुढच्या गोष्टी पाहा.

मुले बोलतात का? की हाताची घडी, तोंडावर बोट? जिथे मुले प्रश्न विचारतात आणि बाई उत्तर देतात, ती जागा चांगली.

खेळायची साधने मुलांच्या हातात आहेत की कपाटात कुलूपबंद?

गोष्ट, गाणे, चित्र आणि मोकळ्यावरचा खेळ रोज होतो का?

वस्तीवरची, पालावरची, मजुरांची मुले इतरांबरोबर एकाच सतरंजीवर बसतात का?

पाणी, संडास, पंखा, छप्पर ठीक आहे का?

उणे दिसले तर सेविकाताईंवर तोंड टाकू नका. वजने, लसीकरण, आहाराचे वाटप आणि नोंदी ठेवणे हेही त्यांनाच करावे लागते. त्यांना विचारा, "ताई, आम्ही काय करू?" सुताराकडून लाकडाचे चार ठोकळे, शिंप्याकडून चिंध्यांच्या बाहुल्या, आठवड्यातून एक दिवस एखाद्या आजीची गोष्ट, एवढे कोणत्याही गावाला जमते. छप्पर, पाणी, जागा हे विषय मात्र ग्रामसभेत ठणकावून मांडा. देवळाच्या कळसासाठी वर्गणी होते, तशी बालवाडीच्या छपरासाठीही होऊ शकते.

आणि कर्ज काढून तीन वर्षांच्या पोराला गाडीत कोंबून दूरच्या इंग्रजी शाळेत पाठवणाऱ्यांनीही हेच निकष लावावेत. टाय बांधून चार तास बाकावर बसलेले आणि परक्या भाषेतल्या कविता पाठ करणारे पोर शहाणे दिसते खरे. पण टेनेसीची गोष्ट विसरू नका. लहान मूल शिकते ते हाताने, पायाने आणि आपल्या आईच्या भाषेत.

घरचा अभ्यास, पण मोठ्यांसाठी

बालवाडी दिवसाचे काही तासच. उरलेला दिवस घराचा. जमैकातल्या आयांनी केले ते आपल्यालाही सहज जमेल. धार काढताना, भाकरी थापताना मुलाशी बोला. "ही तांबू, ती कपिला. कोण मोठी? कुणाची शिंगे वाकडी?" भाज्या, पाने, दगड यांचे लहान-मोठे ढीग लावायला सांगा. मात्र औषध लावलेले बियाणे मुलांच्या हाती कधीही देऊ नका, आणि अगदी लहान मुलापाशी हरभरा-वाटाण्यासारखे दाणे ठेवू नका, ते नाकात-घशात अडकतात. रात्री निजताना विचारा, "आज काय काय केलेस?" मूल अडखळत सांगेल. मध्ये तोडू नका. ऐका. हे वडिलांनीही करायचे, बरे का! शेतातून आल्यावर मोबाइल बाजूला ठेवून पाव तास पोराला मांडीवर घेतले तर शेतकऱ्याचा मोठेपणा कमी होत नाही.

"आम्ही नाही का असेच वाढलो?" असे घरातली वडील मंडळी म्हणतात. त्यांना एकच सांगावे. तुमच्या वेळी घरात आजी, आत्या, चुलत्या, दहा पोरे होती. गोष्टी होत्या, ओव्या होत्या. तीच तुमची बालवाडी होती. आता ते घर लहान झाले आहे, म्हणून बाहेरचे अंगण लागते.

शेवटी पुन्हा त्या बाभळीकडे जाऊ. झोळीशेजारी मातीत रेघोट्या ओढणारे ते मूल कदाचित तुमचे नसेल. तुमच्या रानात खुरपायला आलेल्या बाईचे असेल किंवा ऊसतोडीला परगावाहून आलेल्या जोडप्याचे असेल. इप्सिलांटीची, किंग्स्टनची, बोर्डीची सारी गोष्ट त्याच मुलाची आहे. घरी ज्याच्या वाट्याला थोडे येते, त्यालाच चांगल्या बालवाडीने सर्वांत जास्त मिळते. उद्या सकाळी त्या बाईला कामावर बोलावताना एवढेच म्हणा, "बाई, पोराला आधी अंगणवाडीत सोडून ये. थोरलीलाही शाळेत जाऊ दे. तासभर उशीर झाला तरी मजुरी कापणार नाही." आणि तुमच्या पोराला सोडायला जाल, तेव्हा त्या पोराचेही बोट धरा.